डोंगरवाटेवरचे दाताचे दुखणे

(मंडळाच्या युवक शिबिरात सहलप्रमुख व विद्यार्थी यांच्यासमोर केलेले भाषण)



संयोजकांनी प्रथमोपचारावर बोलावयास सांगितले तेव्हा विंचू-साप, मुरगळलेला पाय आणि ऊन लागणे हे विषय आधीच इतर वक्त्यांनी घेतलेले होते. आमच्या वाट्याला उरले ते दात. दाताचे नाव काढताच सभेत थोडे हसू फुटते, तसे ते आताही फुटले. परंतु हरिश्चंद्रगडावर मुक्कामी असताना मध्यरात्री ज्याची दाढ ठणकू लागते, त्याला मात्र हसू येत नाही. खाली पाचनईला उतरावयाचे तर उजेडीसुद्धा दीड-दोन तास लागतात, आणि खाली उतरल्यावर दातांचा डॉक्टर समोर उभा असतो असेही नाही.

आम्ही डॉक्टर नाही, हे प्रथमच सांगतो. बँकेत कारकुनी करणारी, कला शाखेची पदवी घेतलेली आम्ही माणसे. परंतु गेली वीस-बावीस वर्षे सुटीच्या दिवशी मुलांना घेऊन लेणी पाहावयास, गड चढावयास जातो. त्या फिरण्यात जे पाहिले, दंतवैद्यांना विचारून जे समजून घेतले आणि वाचून जे पडताळले, तेवढेच आज आपल्यापुढे ठेवीत आहोत. औषधाचा शेवटचा शब्द डॉक्टरांचाच. आमचे म्हणणे डॉक्टरांपर्यंत पोहोचण्याआधीच्या वेळेपुरते आहे. दाताच्या बाबतीत त्या वेळेतच पुष्कळ गोष्टी बनतात किंवा बिघडतात.

घाई कशाची आणि धीर कशाला

दाताच्या सगळ्या तक्रारी एका मापाच्या नसतात. सहलप्रमुखाने त्यांचे मनाशी तीन भाग करावेत. काही गोष्टी मिनिटांच्या असतात : मुळासकट बाहेर पडलेला दात, न थांबणारा रक्तस्राव, मोडलेला जबडा, श्वासाला अडथळा. काही गोष्टी त्याच दिवसाच्या असतात : गालावर चढणारी सूज, आतला लाल ठिपका दिसेल असा मोडलेला दात, जागेवरून सरकलेला दात. आणि काही गोष्टी परत गेल्यावर पाहण्याच्या असतात : निघालेले सिमेंट, सुटलेली कॅप, दाताचा उडालेला लहानसा टवका.

आपल्याकडे बहुधा याच्या उलट होते. सिमेंट निघाले म्हणून माणूस घाबरून सहल सोडतो, आणि गाल डोळ्यापर्यंत सुजला तरी "उतरेल सकाळी" म्हणून शेकत बसतो.

मुळासकट पडलेला दात

सर्वांत जास्त वेळ आम्ही या एकाच गोष्टीला देणार आहोत, कारण इथे डॉक्टरपेक्षा शेजारी उभा असलेला माणूस अधिक काही करू शकतो.

मूल पायरीवरून तोंडावर पडते, क्रिकेटचा चेंडू लागतो, कबड्डीत कोणाचे तरी डोके लागते आणि वरचा पुढचा दात अख्खा बाहेर येतो. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. त्याच्या मुळाभोवती बारीक तंतूंचा आणि जिवंत पेशींचा एक पातळ पडदा असतो व त्यानेच दात हाडाशी जोडलेला असतो. दात बाहेर पडला तरी या पेशींपैकी पुष्कळ मुळावर जिवंत असतात. त्या सुकल्या की मेल्या. कोरड्या हवेत साधारण एक तास गेला की त्यांच्यात जीव राहिलेला नसतो असे धरतात.

कोपनहेगनचे डॉ. अँड्रियासन आणि त्यांचे सहकारी यांनी १९६६ साली, पुन्हा बसविलेल्या ११० दातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अर्ध्या तासाच्या आत बसविलेल्या दातांपैकी ९० टक्के दातांची मुळे दोन वर्षांनंतरही झिजलेली नव्हती. दोन तासांनंतर बसविलेल्या दातांपैकी ९५ टक्क्यांची मुळे झिजू लागली होती. अर्ध्या तासात कोणता डॉक्टर गडावर पोहोचणार? म्हणून त्या अर्ध्या तासाचे डॉक्टर आपणच.

तेव्हा काय करावयाचे ते क्रमाने सांगतो. विद्यार्थ्यांनी लिहून घ्यावे.

१. आधी माणूस पाहा, मग दात. शुद्ध हरपली होती का, उलटी होते आहे का, श्वास नीट आहे का, हे पाहा. यांपैकी काही असेल तर दात बाजूला ठेवा आणि रुग्णालयाची वाट धरा.

२. दात शोधा. तो सापडतच नसेल आणि मूल खोकत असेल, तर दात श्वासनलिकेत गेला असण्याची शक्यता असते. मग एक्स-रे काढलाच पाहिजे. कधी तुकडा फाटलेल्या ओठातही रुतून बसतो.

३. दात पांढऱ्या भागाला धरूनच उचला. मुळाला बोट लावू नका.

४. माती लागली असेल तर दुधात हलकेच बुडवून घ्या. दूध नसेल तर स्वच्छ पाण्याची बारीक धार फार तर दहा सेकंद सोडा. घासू नका, पुसू नका, साबण किंवा डेटॉल लावू नका.

५. दात कायमचा असेल आणि माणूस शुद्धीवर व शांत असेल, तर दात तेथेच त्याच्या खाचेत हळूच परत बसवा. शेजारच्या दाताकडे पाहून बाजू ओळखा. खोलगट बाजू जिभेकडे येते. मग स्वच्छ रुमालाची घडी दातांखाली देऊन हलके चावून धरावयास सांगा.

६. हे जमत नसेल तर दात दुधात ठेवा आणि त्याच दुधासह निघा.

दूध का, असे कोणी विचारील. साध्या पाण्यात या पेशी फुगून फुटतात. दुधाचा खारटपणा आणि आम्लता शरीरातील द्रवाच्या बरीच जवळ असल्यामुळे त्या काही तास तग धरतात. स्वीडनमधील संशोधकांनी हे १९८० च्या सुमारास दाखवून दिले. दूध थंड असावे, गरम नको. चहा तर नकोच नको.

दूध नसले तर? २०२० च्या आंतरराष्ट्रीय प्रथमोपचार सूचनांत जलसंजीवनीचे द्रावण, तसेच दात कोरडा पडू नये म्हणून अन्न झाकण्याची पातळ पारदर्शक फिल्म गुंडाळणे, हे दोन्ही उपाय सुचविलेले आहेत. जलसंजीवनीचे पाकीट तर आपल्या प्रत्येकाच्या पिशवीत असतेच. काहीच नसेल तर त्याच माणसाची थुंकी भांड्यात जमवून तीत दात ठेवावा. मोठ्या माणसाला दात गालात धरावयास सांगता येते, पण लहान मुलाला तसे सांगू नये, तो गिळेल. कोकणातील मंडळी शहाळ्याचे पाणी सुचवितात. त्यावर आपल्या देशातही प्रयोग झाले आहेत, पण निष्कर्ष एकमताचे नाहीत आणि ते पाणी आम्लधर्मी असते. दूध मिळत असेल तर दूधच घ्यावे.

एक अपवाद मात्र पक्का लक्षात ठेवावा. दुधाचा दात पडला तर तो परत बसवू नये, कारण खाली वाढत असलेल्या कायमच्या दाताला इजा होते. पुढचे कायमचे दात साधारण सहा ते आठ वर्षांच्या दरम्यान येतात. शंका असल्यास दात दुधात ठेवा आणि निर्णय डॉक्टरांवर सोडा.

काही वर्षांपूर्वी जुन्नरच्या बाजूला लेणी पाहावयास गेलो असता नववीतला एक मुलगा ओल्या पायरीवर तोंडघशी पडला. वरचा पुढचा दात मुळासकट बाहेर. बरोबरच्या शिक्षिकाबाईंनी आधी मुलाला सावलीत बसविले, दोघांना त्याच्याजवळ ठेवले आणि उरलेल्या सर्वांना गवतात दात शोधावयास लावले. दात सापडला. मुलगा तो तोंडाला लावू देईना. तेव्हा पायथ्याच्या एका घरातील आजींनी लोटीभर गार दूध काढून दिले व आपला स्टीलचा डबाही दिला. पैसे विचारले तर म्हणाल्या, "दुधाचे पैसे घ्यायचे का पोराच्या दाताचे? जा आधी." पाऊण तासात मुलगा खुर्चीवर होता. शेजारच्या दातांना बारीक तारेने बांधून तो दात दोन आठवडे स्थिर ठेवला, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले आणि पुढे रूट कॅनालही झाले. तो मुलगा आज नोकरीला लागला आहे आणि दात जागेवर आहे.

आमच्या परिचयातील दुसरी एक मुलगी. अकराव्या वर्षी शाळेच्या सहलीत तिचा दात असाच पडला. कोणीतरी तो नळाखाली चोळून धुतला, कागदात बांधून तिच्या हाती दिला. संध्याकाळी घरी पोहोचेपर्यंत तो खडखडीत वाळलेला होता. पुढे बारावीपर्यंत तिच्या एकाही फोटोत ओठ उघडे नाहीत. हसताना ओढणी तोंडाशी जाई. वर्गात उत्तर येत असून हात वर होत नसे. कोणाचा द्वेष नव्हता, निष्काळजीपणाही म्हणता येणार नाही. कोणाला माहीत नव्हते, एवढेच. एका पेलाभर दुधाची ती गोष्ट होती.

दात वाळला तरी फेकून देऊ नये, हेही सांगतो. डॉक्टर कधी कधी तोही बसवितात. तो कायम टिकत नाही, पण वाढत्या वयातील मुलाचे हाड आणि जागा काही वर्षे राखतो.

मोडलेला आणि सरकलेला दात

दाताचा तुकडा उडाला तर तो शोधून पाण्यात किंवा दुधात घालून न्यावा. आजकाल तोच तुकडा पुन्हा चिकटविता येतो. मोडलेल्या जागी मध्यभागी गुलाबी किंवा लाल ठिपका दिसला तर आतली नस उघडी पडली आहे असे समजावे व त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. तोवर गार हवा व गार पाणी लागू देऊ नये. धारदार कड जिभेला कापत असेल तर स्वच्छ मेणाची गोळी त्यावर दाबून बसवावी.

दात हलत असेल तर त्याला पुन्हा पुन्हा हलवून पाहण्याचा मोह सर्वांनाच होतो. तो टाळावा. दात आत घुसला असेल तर ओढू नये. मऊ भात, खिचडी, दूध-भाकरीचा काला खाऊन निघावे.

पडल्यानंतर वरचे-खालचे दात नेहमीसारखे जुळत नसतील, तोंड उघडताना कानापुढे कळ येत असेल, तर जबडा मोडला असण्याचा संभव धरावा. अशा माणसाला पुढे वाकवून बसवावे, म्हणजे रक्त घशात उतरत नाही. तोंड करकचून बांधू नये. उलटी आली तर जीव गुदमरेल.

रक्त थांबत नाही तेव्हा

तोंडातले रक्त लाळेत मिसळून दिसते त्याहून जास्त वाटते. स्वच्छ कापडाची घट्ट घडी ओली करून नेमकी रक्ताच्या जागी ठेवावी आणि घड्याळ लावून वीस ते तीस मिनिटे चावून धरावी. दर दोन मिनिटांनी उघडून पाहू नये. चुळा भरू नयेत, थुंकत राहू नये, कारण धरलेली गुठळी त्याने निघून जाते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्या वडीलधाऱ्यांनी त्या गोळ्यांची नावे खिशात लिहून ठेवावीत. अर्ध्या तासाच्या दाबाने रक्त थांबले नाही तर खाली उतरावेच.

ठणकणारी दाढ

दाढ रात्रीच का ठणकते? दाताच्या आतली नस चहूबाजूंनी कठीण भिंतींत कोंडलेली असते. कीड तिथवर पोहोचली की नस सुजते, पण सुजावयास जागा नसते. त्यात माणूस आडवा झाला की डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो आणि ठणका चढतो. म्हणून पहिला उपाय फुकटचा आहे. उशाशी पिशवी घेऊन डोके उंच ठेवावे. दुसरा उपायही तसाच. मिठाच्या कोमट पाण्याने चूळ भरून दातांत अडकलेला अन्नाचा कण दोऱ्याने अलगद काढावा.

लवंगेच्या तेलाचा बोळा खड्ड्यात ठेवल्याने आराम पडतो, ही आजीबाईची समजूत नव्हे. त्यातील युजेनॉल हे द्रव्य दंतवैद्यही वापरतात. मात्र एक थेंब पुरे. बाटली ओतली तर हिरडी भाजते.

गोळ्यांविषयी सांभाळून बोलतो. प्रौढ माणसाने, पोटात अन्न असताना, नेहमीच्या मात्रेत पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन घेतल्यास दाढदुखीला चांगला उतार पडतो. परंतु पॅरासिटामॉल चोवीस तासांत ४ ग्रॅमच्या, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्यांच्या वर कधीही जाऊ नये. सर्दीच्या पुष्कळ गोळ्यांतही तेच औषध असते, तेही मोजावे. अल्सर, मूत्रपिंडाचा विकार, दमा, गरोदरपण, डेंग्यूची शंका, किंवा उन्हाने अंगातले पाणी आटले असेल तर आयबुप्रोफेन टाळावे. मुलांची मात्रा वजनावर असते, ती घरूनच डॉक्टरांकडून लिहून आणावी.

आता करू नये ते. अ‍ॅस्पिरिनची गोळी हिरडीला चोळू नये, तेथे भाजून जखम होते. रॉकेल, पेट्रोल, बाम दाताला लावू नये. मिश्री आणि तंबाखू दाबून धरण्याची सवय आपल्या वाड्या-वस्त्यांत, विशेषतः आमच्या माता-भगिनींत, खोलवर रुजलेली आहे. मिश्रीने दुखणे बधिर झाल्यासारखे वाटते, पण कीड आपले काम करीतच राहते, आणि तंबाखूने तोंडाच्या कॅन्सरला दार उघडते. कोणाच्या तरी घरी उरलेल्या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या घेणेही व्यर्थ. सूज व ताप नसताना नुसत्या नसेच्या दुखण्यावर त्यांचा उपयोग होत नाही.

सिमेंट निघाले असेल तर खड्डा स्वच्छ करून, जवळ असल्यास औषधाच्या दुकानातील तात्पुरते भरण भरावे. कॅप सुटली तर जपून डबीत ठेवावी. झटपट चिकटणाऱ्या गोंदाने ती बसवू नये. कवळी असलेल्या ज्येष्ठांनी झोपताना ती काढून भांड्यात ठेवावी.

सूज : येथे थट्टा नाही

दाढेच्या मुळाशी पू झाला की गाल सुजतो, ताप येतो. बाहेरून गरम शेक देऊ नये, गार पाण्याची पट्टी ठेवावी आणि त्याच दिवशी उतरावे. परंतु पुढील लक्षणे दिसली तर रात्र असो, पाऊस असो, वाट पाहू नये : तोंड उघडेना, गिळता येईना व लाळ गळू लागली, जबड्याखाली दोन्ही बाजूंना लाकडासारखी कठीण सूज आली, जीभ वर उचलली गेली, आवाज बदलला, श्वासाला त्रास होऊ लागला, किंवा डोळा मिटण्याइतकी सूज चढली.

खालच्या दाढेची बाधा जिभेखाली व गळ्यात पसरण्याच्या या विकाराचे वर्णन जर्मन डॉक्टर लुडविग यांनी १८३६ साली केले. अँटिबायोटिक्स येण्यापूर्वी त्यातील निम्म्याहून अधिक रोगी दगावत. आजही तो जीव घेतो, कारण श्वासाची वाट बंद होते. दाताने कधी माणूस मरतो का, असे विचारणाऱ्याला हे उत्तर आहे. अशा रोग्याला निजवू नये, बसवूनच न्यावे. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून आहे. रेंज कोठे मिळते ते गावकऱ्यांना आधीच विचारून ठेवावे. आणि दवाखाना नव्हे, मोठे रुग्णालय गाठावे.

निघण्यापूर्वीचा हिशेब

आम्ही बँकेतली माणसे, म्हणून व्याजाच्या भाषेत सांगतो. कीड म्हणजे थकलेले कर्ज. सुरुवातीला तिचा हप्ता लहान असतो, एका बैठकीत सिमेंट भरले की खाते बंद. तो चुकविला की रूट कॅनाल आणि कॅप, तोही चुकविला की दात काढणे. आणि त्याचे व्याज म्हणजे शेजारचे दात सरकणे, चावता न येणे, कवळी. "दुखेल तेव्हा पाहू" म्हणणारा माणूस सर्वांत महाग पर्याय निवडतो. पैशाची अडचण आम्हांस ठाऊक आहे. परंतु मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत, तेथे कमी खर्चात उपचार होतात. रांग लागते. ती मुक्कामाच्या सहलीच्या महिनाभर आधी लावावी.

सहलीच्या पिशवीत लहानशी डबी करावी : कापूस व गॉजच्या घड्या, हातमोजे, लवंगेचे तेल, तात्पुरते भरण, थोडे मेण, दोरा, लहान आरसा, बॅटरी, मीठ, जलसंजीवनी, नेहमीच्या गोळ्या आणि घट्ट झाकणाची एक रिकामी स्वच्छ बाटली. ही रिकामी बाटली सर्वांत महत्त्वाची. दात तिच्यातूनच परत येतो. सोबत वाटेवरच्या दंतवैद्याचा व रुग्णालयाचा फोन क्रमांक कागदावर लिहून घ्यावा, कारण मोबाइलची बॅटरी नेमकी त्याच दिवशी संपते. मुक्कामातही रात्री दात घासल्याशिवाय कोणी निजू नये, हे सहलप्रमुखाने पाहावे.

मित्रांनो, १६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईवर चढून जाण्याची उमेद तुमच्यात आहे. ती उमेद कोणाच्या पडलेल्या दातामुळे किंवा रात्रभरच्या ठणक्यामुळे खचू नये, एवढ्यासाठीच हे बोललो. घरी गेल्यावर आपल्या आईला, धाकट्या भावंडांना आणि शाळेच्या शिपायालाही एवढे एक वाक्य सांगा : पडलेला दात घासू नका, परत बसवा, नाहीतर दुधात ठेवा आणि धावा. आजच्या श्रोत्यांपैकी प्रत्येकाने दहा जणांना हे सांगितले, तर आपल्या वस्तीतील एखादी मुलगी ओढणी तोंडाशी न नेता हसेल.